आनंदा पाटलांचा करदोडा

माझी सगळी नोकरी अंधाऱ्या खोलीत गेली असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई फोटो धुवायच्या दुकानात होती. मी नर्स. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात, तळमजल्यावर, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या विभागात. तिथं दिवे मंद ठेवतात, कारण पडद्यावरचं बारीकसारीक दिसावं लागतं. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तरी पावण्यांतलं कुणी ना कुणी फोन करतंच. "शोभाआक्का, लिव्हरच्या गाठीला करंट चांगला का मायक्रोवेव्ह?" जसं काय मी मिक्सरचं दुकान टाकलंय.

एकदाचं लिहून टाकावं म्हणून बसले. पण मशिनांच्या आधी आठवतो तो एक माणूस, आणि त्याच्या कंबरेचा चांदीचा करदोडा. माझ्या एका वाक्यानं तो माणूस उपचाराच्या टेबलावरून उठून घरी गेला, आणि पोटातली कॅन्सरची गाठ त्याच्यासोबत गेली. एवढ्या वर्षांतली माझी ही सगळ्यांत मोठी चूक. ती झाकून बाकीचं सांगायला लागले तर ते खोटं होईल.

आधी आमचं काम काय ते सांगते. लिव्हरमध्ये कॅन्सरच्या गाठी एक-दोनच असतील, लहान असतील, आणि माणूस पोट फाडायच्या ऑपरेशनला झेपणारा नसेल, तर डॉक्टर बाहेरूनच सुई घालतात. दाभणाएवढी जाड, वीतभर लांब. दोन बरगड्यांच्या फटीतून ती आत जाते, सोनोग्राफीवर बघत बघत नेमकी गाठीच्या पोटात. तिथं गाठ जागच्या जागी मारायची, सुई काढायची, वर एक चिकटपट्टी लावायची. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पेशंट घरी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काचेचं भांडं हातात धरून उभी होते. सुई निघाली तरी भांडं रिकामंच. मी विचारलं, "सर, गाठ कुठाय?" आमचे देसाई डॉक्टर हसून म्हणाले की गाठ आतच राहणार, मेलेली, शरीर तिला हळूहळू आक्रसून टाकतं. मी ते भांडं तसंच परत ठेवलं. आजही कुणाला हे सांगताना मला नवल वाटतं.

सुरुवातीला करंट-बिरंट काही नव्हतं. शुद्ध अल्कोहोल सुईनं गाठीत सोडायचं, त्यानं पेशी मरतात. चंदगडचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी देवापुढं हात ठेवून दारू सोडलेली. सुईतून गेली तर शपथ मोडते का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी शहाणपणानं सांगितलं की ही पोटात जात नाही, थेट लिव्हरमध्ये जाते. ते म्हणाले, "बाई, दारू शेवटी तिथंच जाती की." शेवटी डॉक्टरांनी औषध म्हणून समजूत घातली आणि त्यांनी चार-पाच खेपांत उपचार पूर्ण केला. लहान गाठींवर अल्कोहोल छान काम करायचं. गाठ जरा मोठी झाली की मात्र ते वाट फुटेल तिकडं पसरायचं, एखादा कोपरा कोरडा राहायचा, आणि कॅन्सर तिथूनच पुन्हा डोकं वर काढायचा.

मग करंटची सुई आली. सुईच्या टोकातून वीज निघते, ती दर सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते, त्या घुसळणीनं टोकाभोवतीचं मांस तापतं आणि शिजतं. ती वीज परत जायला वाट लागते, म्हणून दोन्ही मांड्यांवर मोठी चिकट पॅड लावायची. पॅड नीट बसलं नाही, किंवा अंगाला धातू टेकलेला राहिला, तर भलत्याच जागी भाजण्याची भीती. मांडीवरचे केस काढणं, पॅड चिकटवणं, अंगावरचा प्रत्येक धातू उतरवून घेणं, हे माझं काम. माझ्या हाताखालून एक जोडवं निसटलं नाही कधी. त्याचा मला फार ताठा होता.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत भट्टीवर उभं राहणारे एक मिस्त्री पेशंट म्हणून आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, गाठीशेजारून रक्ताची मोठी नळी जात असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेईल की, त्या बाजूचं कच्चं राहील. देसाई डॉक्टर त्यांच्याकडं बघतच राहिले. पुढं खुर्ची ओढून दोघं अर्धा तास बोलत बसले. मला वाटतं, त्या दिवशी डॉक्टरांनाच शिकवणी मिळाली. मिस्त्रींचं ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं राहिलं आणि पुढं आनंदा पाटलांच्या वेळी ते फार टोचलं.

आनंदा पाटील राधानगरीकडचे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, चार म्हशी, भाताची शेती, थोडा ऊस. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस. पण ब प्रकारची कावीळ कधी अंगात शिरली ते कळलंच नव्हतं. तिनं लिव्हर पोखरलं आणि त्यात ही गाठ धरली. अडीच सेंटीमीटर. मोठ्या नळीपासून लांब, सुईला सरळ वाट. तीन सेंटीमीटरच्या आतल्या गाठीला करंट उत्तम लागू पडतो. डॉक्टर म्हणाले, अशी गाठ वेळेवर सापडणं म्हणजे नशीब.

सकाळी त्यांना टेबलावर घेतलं. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी सगळं त्यांच्या मालकिणीकडं, मालूताईंकडं दिलेलं. मी पॅड लावायला गाऊन सरकवला, तर कंबरेत चांदीचा करदोडा. कमरेभोवती पुरुष घालतात ती साखळी. वर सारून लपवलेला. बघितलं तर त्याला फासाच नाही. सोनारानं डाग देऊन कायमचा जोडलेला. माझं डोकं फिरलं. एक तर लपवलेला, त्यात निघतही नाही. मी दुरुस्तीवाल्यांकडून पकड मागवली आणि दारातून बाहेर बसलेल्या मालूताईंना मोठ्यानं सांगितलं, "करदोडा तोडायला लागतोय हो. तुकडे तुमच्या ताब्यात देते."

त्या बाई बाकावरून खाली फरशीवरच बसल्या. आनंदा पाटील टेबलावर उठून बसले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "जित्या माणसाचा करदोडा तोडत्यात व्हय, बाई?"

तरी माझी ट्यूब पेटली नाही. आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच गंडेदोरे, ताईत सगळं पंचगंगेत सोडलं. आम्हा पोरांच्या कंबरेला कधी काळा दोरासुद्धा नव्हता. मला त्याचा अभिमान आहे, आजही आहे. पण त्या दिवशी तो अभिमान भलत्याच माणसापुढं बाहेर पडला. मी म्हणाले, "दोऱ्याला घाबरताय आणि पोटातल्या गाठीला नाही?"

ते टेबलावरून उतरले. शर्ट घातला, चप्पल पायात सरकवली आणि मालूताईंना घेऊन निघून गेले. हातात पकड घेऊन मी उभी. देसाई डॉक्टरांनी मग हळू आवाजात समजावलं, माणूस गेला की त्याला न्यायच्या आधी कंबरेचा करदोडा तोडतात. तोवर तोडत नाहीत. मी त्यांना टेबलावर झोपवलं होतं, अंगावर पांढरी चादर टाकली होती, आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोला ओरडून सांगितलं होतं की आता तोडणार आहे. त्या बाईच्या कानांवर काय पडलं असेल! एरवी बांगडी फुटली तर मी स्वतः "वाढवली" म्हणते. एवढी साधी समज त्याच दिवशी कुठं गेली होती कोण जाणे.

फोन केले. उचलले नाहीत. एकदा लागला तर कुणीतरी सांगितलं की गावठी औषध चालू आहे, बरं वाटतंय. बरं वाटणारच. लिव्हरची गाठ दुखत नाही, हेच तर तिचं कपट. आठवडे जायला लागले. विभागात दुसरी कुणाची गाठ मोजली की माझ्या मनात ती अडीच सेंटीमीटरची वाढत असायची. सहाव्या आठवड्यात रविवार बघून मी राधानगरीची एसटी धरली. कुणी पाठवलं नव्हतं. डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

घर सापडलं. मालूताईंनी दारात मला ओळखलं. मग म्हणाल्या, आत या. वैरी दारात आला तरी पाणी दिल्याशिवाय न पाठवणारी माणसं ती. आनंदा पाटील गोठ्यातून हात पुसत आले. म्हैस व्यालेली होती, चुलीवर खरवस वाफवत होता. मला ताटलीत एक वडी दिली. मी ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, "चुकलं माझं. मला म्हाईत न्हवतं, आणि म्हाईत नसताना मी तोंड चालवलं."

ते माझ्यासमोर बसले. मग सांगायला लागले. तो करदोडा त्यांच्या आईनं दुधाच्या पैशातून करून घातलेला. लग्नाच्या वयाचं पोरगं, पोहायला गेलं की पडतो म्हणून सोनाराकडून डाग देऊन घेतलेला. आई जाऊन बारा वर्षं झाली. "तिनं घातल्यालं तिच्या माघारी म्या कसं तोडू?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात अंधश्रद्धा कुठली शोधायची? माझ्याकडं माझ्या आईचं एक फुटकं चष्म्याचं घर आहे, ते मी टाकून दाखवावं आधी.

मग त्यांनीच विचारलं, "पर ती सुई आत जाऊन करती काय नेमकं?"

इतके कागद, इतक्या सह्या, आणि हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी ताटलीतल्या वडीकडं बोट केलं. "चीक पातळ असतोय. वाफ लागली की थिजतोय. थिजलेला खरवस परत पातळ होतोय का?"

"न्हाय."

"गाठीचं तेवढंच करायचं. थिजवायची. मग तिला वाढता येत न्हाय."

आयुष्यभर चीक थिजताना बघितलेला माणूस तो, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. मालूताई चहा गाळत होत्या. गाळता गाळताच म्हणाल्या, आधी काळा दोरा बांधायचा, मग सोनाराकडून चांदीचा डाग उकलून घ्यायचा. म्हणजे कंबर मोकळी राहत नाही, आणि तोडायलाही लागत नाही.

दोरा म्हणजे सूत. सुताला वीज लागत नाही, ते भाजत नाही, टेबलावर खुशाल चालतं. इतकी वर्षं धातू उतरवून घेणारी मी, आणि हे सुचलं त्या बाईंना गाळणी हातात धरून. त्या दिवशी मी पकड न मागवता त्यांना आत बोलावून नुसतं विचारलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

दोरा आणला. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं बांधायचा म्हणे. आनंदा पाटलांनी बंडी वर केली आणि मला म्हणाले, "तुम्हीच बांधा आता. तोडाय तुम्हीच निघाल्यासा न्हवं?"

आजोबांच्या दीक्षेनंतर आमच्या घरात कुणी बांधला नाही तो दोरा मी बांधला. दोन गाठी मारल्या. ते हसत होते.

हॉस्पिटलात पुन्हा सीटी झाला. गाठ आता साडेतीन सेंटीमीटर, आणि वाढली होती कुठं, तर मोठ्या नळीच्या अंगाला. शिरोलीचे मिस्त्री माझ्या कानात बोलले.

पण मधल्या दिवसांत आमच्याकडं मायक्रोवेव्हचं मशीन आलं होतं. त्यात वीज मांडीकडं जात नाही. सुईच्या टोकातून लहरी निघतात आणि मांसातल्या पाण्यालाच तापवतात. उष्णता जास्त, वेळ कमी, गोळा मोठा शिजतो, आणि शेजारून रक्त वाहत असलं तरी तितकी दाद देत नाही. मांडीवर पॅड लागतच नाहीत. हे ऐकल्यावर आनंदा पाटील म्हणाले, मग करदोडा खाली सरकवला असता तरी चाललं असतं की, सोनाराला उगं कामाला लावलं. डॉक्टर हसले, मी नाही हसले.

त्यांना भूल दिली. डॉक्टरांनी सुई बरगड्यांतून घातली. श्वासाबरोबर लिव्हर वरखाली होतं, म्हणून सुई शेवटचं बोटभर पुढं जाताना भूल देणारे डॉक्टर क्षणभर श्वासाचं मशीन थांबवतात. त्या क्षणाला आख्खी खोली श्वास धरते. मी शेकडो वेळा धरलाय. पडद्यावर पांढरी रेघ काळसर गोळ्यात शिरली, मधोमध थांबली. मशीन सुरू झालं. आणि टोकाभोवती पांढरा ढग उठला. आतलं पाणी उकळून त्याचे बुडबुडे, दुसरं काही नाही, पण बघणाऱ्याला वाटावं की माणसाच्या पोटात पहाट होतेय. ढग वाढत गेला, गाठीची कड ओलांडून पुढं गेला, चांगल्या मांसातही बोटाच्या पेराएवढा गेला, कारण कडेला एक पेशी जरी जगली तरी सगळं फुकट. दहा मिनिटं. बाहेर हातगाडीवाला केळी विकत होता, त्याची हाळी ऐकू येत होती. आत एक कॅन्सर शिजून मरत होता, रक्त न सांडता. माणसाच्या अकलेला काय म्हणावं? मी देवाला हात जोडत नाही. पण अशा वेळी माझे हात कुणाला तरी जोडावेसे वाटतात, आणि मग मी ते पेशंटच्या पायांवर ठेवते, पाय गरम आहेत का बघायच्या निमित्तानं.

महिन्यानं पुन्हा सीटी. शिरेतून रंग सोडला की जिवंत गाठ उजळते, मेलेली काळी राहते. पाटलांची गाठ काळीभोर होती. फक्त मोठ्या नळीच्या अंगाला, कापलेल्या नखाएवढी एक कड चमकत होती.

ती कड माझी होती. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, असं म्हणता येत नाही, अडीचच्या वेळीही काही राहिलं असतं कदाचित. ते चांगले आहेत म्हणून म्हणाले. पहिल्या खेपेला ती गाठ नळीपासून लांब होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मी पाटलांना खरं ते सांगितलं: थोडं उरलंय, आणि उशीर झाला त्यात माझा वाटा आहे. ते म्हणाले, "कडंचा खरवस ऱ्हातोय कवाकवा कच्चा. परत वाफ द्या." परत दिली. पुढच्या सीटीत सगळं काळं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे आज पहिल्यांदा सांगते.

तर कुठलं चांगलं? लहान, सोयीच्या जागची गाठ असेल तर करंट काय, मायक्रोवेव्ह काय, दोन्ही चांगलंच काम करतात. गाठ जरा मोठी किंवा नळीशेजारी असेल तर मायक्रोवेव्हचा हात वर. पण त्याची आच दांडगी. पित्ताची नळी, आतडं जवळ असेल तर तीच भीती, तिथं डॉक्टर दहा वेळा विचार करतात. गोठवून मारायचीही रीत आहे. ती मी एका प्रशिक्षणात बघितली. गाठीभोवती बर्फाचा गोळा धरतो, सीटीवर त्याची कड स्पष्ट दिसते, दुखतं कमी. पण लिव्हरमध्ये रक्तस्रावाची धास्ती, म्हणून आमच्याकडं आली नाही. अल्कोहोल आता क्वचित, जिथं आच नेणं धोक्याचं तिथं. आणि मशीन कुठलंही असो, लिव्हर मुळात खराब असेल तर नवी गाठ दुसरीकडं उगवू शकते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. सगळ्यांत चांगली सुई कुठली विचाराल, तर वेळेवर गेलेली. फोन करणाऱ्या पावण्यांना मी हेच सांगते आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हणते.

चांदीचा करदोडा सोनारानं फासा बसवून दिला. आनंदा पाटील तो घालतात, आणि तपासणीच्या दिवशी स्वतःच काढून मालूताईंच्या पिशवीत ठेवतात. दर खेपेला विभागात खरवसाचा डबा यायचा, मी होते तोवर. आता येतो की नाही, विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या सिस्टरचा सकाळी फोन आला. पोरगी हुशार आहे, काम चोख. म्हणाली, मॅडम, राधानगरीचे पाटील सीटीला आलेत, रिपोर्ट तुमच्या वेळेपासून साफ आहेत. चांदी काढून ठेवली त्यांनी. पण कंबरेला एक काळा दोरा आहे, पार झिजून गेलाय, तो काढून देत नाहीत, तुम्हाला विचार म्हणतात. काढायला लावू का?

मी म्हणाले, "राहू दे गं. तो मी बांधलाय."